हँडबॉल संपला, आता लॅक्रोस शिकवायचं म्हणतेय. सोलापुरात बसून हे जमेल का?

राइटविंग_सोलापूर

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. शाळेपासून हँडबॉल, पुढे विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोचले. डावखुरी, म्हणून राइट विंग, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेची जागा. मग गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला स्नायुबंध, गेलं, शस्त्रक्रिया झाली, आणि धावता यायला लागलं तरी उडी मारून खाली येताना पायावर विश्वास बसेना. बी.पी.एड. केलं. सध्या एका खासगी शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका आहे.

बाहेरगावी क्रीडाशिक्षकांचं एक शिबिर होतं, तिथे लॅक्रोसची स्टिक हातात आली. जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा, पळवायचा आणि फेकायचा, असा हा खेळ. त्यातला सिक्सेस हा प्रकार बघितला आणि हँडबॉलवालीला घरी आल्यासारखं झालं. गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ मिनिटांचे चार भाग, आणि चेंडू ताब्यात आला की ३० सेकंदांत शॉट. गोलभोवती वर्तुळ आहेच. गोल झाला की गोलरक्षक लगेच चेंडू बाहेर काढतो, म्हणजे फास्ट ब्रेक, झटपट उलटा हल्ला, थांबतच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं, त्यात क्रिकेटच्या बातमीखाली ही बातमी दबून गेली. त्याच ठरावात लॅक्रोस सिक्सेसही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आला.

आता शाळेच्या मैदानावर सकाळी काही मुलींना शिकवते. स्टिक कमी आहेत, आळीपाळीनं खेळतो. मला यात पुढे जायचंय. शाळा सोडून पूर्णवेळ प्रशिक्षक व्हावं का, त्यासाठी कुठलं प्रमाणपत्र लागतं, आणि खेळाडूची प्रशिक्षक होताना नेमकं काय बदलावं लागतं, हे विचारायचंय. तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गोलकीपर डावीकडे जाणार हे तुम्हाला कसं कळलं?" मला कळलं होतं, एवढंच मला माहीत. कसं कळलं ते सांगता आलं नाही.

गड्डा_यात्री

ताई, पहिलं अभिनंदन. फुलपाखरं धरायची जाळी घेऊन पोरी पळताना बघून आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकू शकतो. पण करा की! सोलापुरात नवीन काही आलं की आधी हसतात, मग चहा घेऊन बघायला येतात. फक्त पार्कावर जागा मागायला जाऊ नका, तिथं क्रिकेटवाल्यांच्या पुढं कुणाचं चालत नाही.

निवृत्त_पीटी

मी याच शहरात आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलं, वयानं मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

नोकरी सोडू नकोस. हे भीतीपोटी सांगत नाही. आपल्याकडे शाळा म्हणजे मैदान, मुली, पालकांचा विश्वास आणि पावसाळ्यात डोक्यावर छप्पर. शाळा सोडलीस की या चारही गोष्टी भाड्यानं घ्याव्या लागतील.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर पाया तुझ्याच खेळात पक्का कर. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, हँडबॉलमधला डिप्लोमा वर्षभराचा असतो. नोकरीतल्या शिक्षकांना सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सोयीचा पडतो. सराव कसा आखायचा, भार कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, हे शास्त्र सगळ्या खेळांना सारखंच. आणि एम.पी.एड. करून नेट किंवा सेट काढलीस तर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होता येतं. तो पगार हातात असेल तर लॅक्रोसच काय, कुठलाही खेळ शिकव.

एक गोष्ट मुलींच्या पालकांना स्पष्ट सांगायची. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते शासन निर्णयातल्या खेळांना आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांनाच मिळतं, शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी होते. नव्या खेळाच्या नावावर कागद वाटणारे लोक या राज्यानं पाहिलेत आणि त्यात मुलांच्या नेमणुका गेल्यात. कुठल्याही संघटनेशी जोडून घेण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन ताजी यादी डोळ्यांनी बघ.

हिशेबी

सर सौम्यपणे बोलले, मी सरळ बोलतो. ऑलिंपिकला पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. अमेरिका आणि कॅनडा धरा, उरल्या चार जागा. त्यात भारत? मग "ऑलिंपिकचा खेळ" म्हणून पालकांना काय सांगणार? एका स्टिकच्या पैशात खो-खोच्या अख्ख्या संघाचे बूट येतात. श्रीमंत अमेरिकन कॉलेजांचा खेळ आहे हा, सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला त्याचा काय उपयोग?

राइटविंग_सोलापूर

सर, धन्यवाद. क्रीडा कार्यालयाचं डोक्यात होतंच, आता आधी तेच करते.

हिशेबी, ऑलिंपिकचं आमिष मी एकाही पालकाला दाखवलेलं नाही. उपयोगाचं विचारलंत म्हणून सांगते. ज्या मुलीला कबड्डीत अंगाला अंग लागतं म्हणून घरून परवानगी नव्हती, तिला या खेळाला मिळाली. मुलींच्या लॅक्रोसमध्ये शरीराला धक्का द्यायला बंदी आहे, फक्त ठरलेल्या पद्धतीनं स्टिकवर स्टिक मारता येते. ती मुलगी रोज वेळेआधी येते. याहून मोठा उपयोग सध्या माझ्याकडे नाही, आणि मला पुरतो.

मेरीलँडकर

मूळचा बार्शीचा, सध्या बाल्टिमोरजवळ. आमच्या भागात हा खेळ गल्लीबोळात चालतो आणि माझी मुलगी सहावीपासून खेळते, त्यामुळे प्रशिक्षकांची जात जवळून पाहिली आहे.

आधी हिशेबी यांना. श्रीमंत कॉलेजांचा शिक्का बसलाय हे खरं, पण खेळ त्यांचा नाही. तो इथल्या मूळनिवासींचा. हौडेनोसौनी लोक तो शेकडो वर्षं खेळत आलेत, त्यांच्यासाठी तो धार्मिक विधीसुद्धा आहे. १८६७ च्या सुमारास माँट्रियलच्या एका दंतवैद्यानं, विल्यम जॉर्ज बिअर्सनं, त्याचे नियम छापले आणि मग तो क्लबांचा झाला. आजही हौडेनोसौनींचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये सुरुवातीला त्यांना जागाच दिली नव्हती, तेव्हा आयर्लंडनं आपली जागा सोडली आणि ते खेळले. तेव्हा गरीब माणसाचा या खेळाशी संबंध काय, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही.

आता ताईंचा प्रश्न. इथली शिडी साधारण अशी: कॉलेजात खेळायचं, संपलं की त्याच किंवा शेजारच्या कॉलेजात पदव्युत्तर शिकत सहायकाचं काम धरायचं. फीमध्ये सवलत मिळते, पगार नावापुरता. मग पूर्णवेळ सहायक, मग शाळाशाळा हिंडून नव्या मुली हेरण्याची जबाबदारी, आणि नशीब असेल तर मुख्य प्रशिक्षक. २०२३ पर्यंत वरच्या श्रेणीच्या कॉलेजांत बिनपगारी स्वयंसेवक सहायक असं अधिकृत पदच होतं, अनेकांनी तिथून सुरुवात केली. उन्हाळ्यात शिबिरं आणि क्लबचे संघ घेऊन घरखर्च निघतो. आणि माध्यमिक शाळेतले प्रशिक्षक? बहुतेक जण त्याच शाळेत गणित नाहीतर इतिहास शिकवणारे, हंगामाचं मानधन वेगळं. म्हणजे निवृत्त_पीटी सर जे सांगताहेत तेच इथेही चालतं.

केली अमॉन्टे हिलर हे नाव शोधून वाचा. मेरीलँडकडून खेळताना १९९५ आणि १९९६ ला राष्ट्रीय विजेतेपद, मग सहायक, मग शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक. तिथला संघ बंद पडलेला होता, २००२ ला तिनं तो पुन्हा उभा केला. पूर्व किनाऱ्याच्या बाहेर या खेळाला तेव्हा कोण विचारत होतं! तिला तयार खेळाडू मिळेनात. कॅम्पसवर पळणाऱ्या दोन जुळ्या बहिणी तिला दिसल्या, त्यांनी स्टिक कधी हातात धरलेली नव्हती. त्यांना तिनं संघात घेतलं. २००५ ला अपराजित राहून विजेतेपद, आणि तिथून २००९ पर्यंत सलग पाच. ताई, तुम्ही सोलापुरात बसून जे करू बघताय त्याच्या जवळ जाणारी एवढी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

खांबाजवळ

वेळापूर भागातला आहे, खो-खो शिकवतो. ताईंचा तिसरा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण मी त्यातूनच गेलोय.

मी चांगला पळायचो. हुलकावणी द्यायचो आणि समोरचा आपोआप चुकीच्या बाजूला जायचा. शिकवायला लागल्यावर पोरांना करून दाखवायचो, पोरं टाळ्या वाजवायची, आणि एकालाही जमायचं नाही. एका जुन्या प्रशिक्षकांनी मला बाजूला बसवलं आणि म्हणाले, आता तू करायचं नाही, फक्त विचारायचं. पोरगं बाद झालं की ओरडायचं नाही. "तुला काय दिसलं?" एवढंच. पहिले काही दिवस पोरं गप्प. मग एक जण म्हणाला, "त्याचा खांदा वळला." दुसरा म्हणाला, "त्यानं खो द्यायच्या आधी पाय मागं घेतला." मला जे कळायचं ते हेच होतं, पण माझ्या डोक्यात त्याचे शब्दच नव्हते. पोरांनी ते शब्द मला दिले.

तुमच्या मुलीला उलट विचारा: कीपरचं काय हललं? कंबर, गुडघा, का स्टिकचं डोकं? तिला पहिल्यांदा सांगता येणार नाही. शॉट मारू नको, नुसती कीपरच्या समोर उभी राहा आणि बघ, म्हणावं. दुसरी मुलगी शॉट मारेल.

आणि खो-खोच्या मुली घ्या. त्या दिशा बदलण्यात तयार असतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला, आपल्या मुली जिंकल्या, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हापासून आमच्याकडे मुलींची रांग आहे, सगळ्यांना संघात जागा देता येत नाही. बाहेर राहिलेल्या मुली दुसऱ्या कुठल्या खेळात चमकल्या तर मला आनंदच आहे.

राइटविंग_सोलापूर

खांबाजवळ दादा, हा प्रतिसाद मी छापून शाळेच्या कपाटाला आतून चिकटवणार आहे.

खो-खोच्या मुलींचं तुम्ही म्हणालात ते मला मैदानावर दिसतंय, आणि त्यामागे एक मजेशीर कारण आहे. माझ्याकडच्या हँडबॉलच्या मुली चेंडू मिळाला की तीन पावलं टाकतात आणि थांबतात! हँडबॉलमध्ये चौथं पाऊल म्हणजे फाउल, ते अंगात भिनलंय. लॅक्रोसमध्ये पावलांना मर्यादाच नाही. स्टिक मनगटानं आत-बाहेर झुलवत राहायची, त्या झोकानं चेंडू जाळीत टिकून राहतो, आणि वाट मिळेल तोवर पळायचं. खो-खोची मुलगी हे पहिल्याच दिवशी करते, फक्त चेंडू वाटेत सांडून. हँडबॉलच्या मुलीचा चेंडू सांडत नाही, पण पाय अडतात. म्हणून आता जोड्या लावते, एक इकडची एक तिकडची.

डावखुरेपणाचा एक फायदा हातात आलाय. मी मुलींच्या समोर तोंड करून उभी राहिले की उजव्या हाताच्या मुलींना मी आरशासारखी दिसते. उलटसुलट करून सांगावं लागत नाही. पण दोन्ही हातांनी खेळता यायला हवं, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस सगळ्यांनी "चुकीच्या" हातानं. त्या दिवशी मैदानावर फार हसू असतं.

निवृत्त_पीटी

खांबाजवळ यांनी लाखातलं सांगितलं. मोठा खेळाडू असल्याशिवाय मोठा प्रशिक्षक होता येत नाही असं लोक समजतात. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, १९६३ साली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मेरीलँडकर

सर, इथलं एक उदाहरण: डॉम स्टारसिया. ब्राउन विद्यापीठात फुटबॉल खेळायला आला, त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल, आणि तिथे पहिल्यांदा लॅक्रोसची स्टिक धरली. पुढे व्हर्जिनियाला प्रशिक्षक म्हणून चार राष्ट्रीय विजेतेपदं. उशिरा शिकलेल्या माणसाला आपण कसं शिकलो ते आठवत असतं, असं मला वाटतं.

याच्या उलटही आहे म्हणा. गॅरी गेट, या खेळातल्या सर्वात अफाट खेळाडूंपैकी एक. १९८८ ला गोलच्या मागून झेप घेऊन वरच्या दांडीवरून चेंडू आत घातला होता, ते अजून लोक बघतात. तो पुढे मेरीलँडच्या मुलींच्या संघाचा सहायक झाला, मग सिरॅक्यूजच्या मुलींचा प्रशिक्षक, आणि २०२१ पासून तिथल्याच मुलांचा. मुलींचे नियम वेगळे, जाळी उथळ, धक्का नाही. त्याचं स्वतःचं निम्मं कौशल्य तिथे शिकवायच्या कामाचं नव्हतं. तरी टिकला.

हिशेबी

बरं, कथा सुंदर आहेत. स्टिकचं बोला. तीन जणींत एक स्टिक असेल तर ३० सेकंदांचं शॉट क्लॉक काय कामाचं?

फिजिओ_होटगीरोड

स्टिकच्याही आधी एक गोष्ट. लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅम. क्रिकेटच्या लेदर चेंडूपेक्षा थोडाच हलका. ताई, मुलींना डोळ्यांचे गॉगल आणि माउथगार्ड असल्याशिवाय खऱ्या चेंडूवर सामना खेळवू नका, आणि कीपरला पूर्ण संरक्षण द्या. छातीवर नेमक्या क्षणी मार बसला तर हृदयाचा ठोका बिघडून खेळाडू कोसळतो, दुर्मीळ असलं तरी या खेळात घडलेलं आहे. अमेरिकेत २०२२ पासून मुलांच्या लॅक्रोसमध्ये हृदयावर खास प्रमाणित पॅड सक्तीचं केलं ते त्यामुळेच. सीपीआर शिकून घ्या. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, जवळ कुठे आहे तेही बघून ठेवा. सरावाला मऊ चेंडू वापरा, टेनिसचासुद्धा चालेल सुरुवातीला.

दुसरं तुमचंच दुखणं. एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि दिशा बदलणं, एका पायावर उतरणं हीच तिची वेळ. रोजच्या वॉर्मअपमध्ये पंधरा-वीस मिनिटं उतरण्याचा आणि तोल सावरण्याचा व्यायाम घेतला तर ती टाळण्याची शक्यता बरीच वाढते. तुम्ही त्या शस्त्रक्रियेतून गेला आहात. गुडघा आत झुकलेला तुम्हाला लांबून दिसेल.

राइटविंग_सोलापूर

दिसतो. सगळ्यात आधी तोच दिसतो.

गॉगल आहेत, खेळणाऱ्या सगळ्यांना पुरतील एवढे. सीपीआरचं प्रशिक्षण बी.पी.एड.ला झालं होतं, ते पुन्हा करते. सध्या सराव टेनिस चेंडूवरच चाललाय. हिशेबी, स्टिक नसलेल्या मुली रिकाम्या बसत नाहीत. एक गट भिंतीवर चेंडू मारून झेलतो, एक गट स्टिकशिवाय हातानंच सहा-सहाचा सामना खेळतो, म्हणजे जागा कशी सोडायची, मदतीला कधी सरकायचं ते शिकतो. शॉट क्लॉक तिथेच लावते. ३० सेकंद एक मुलगी मोठ्यानं मोजते आणि शेवटची दहा सगळ्या मिळून.

सोलापुरी_आई

माझी मुलगी यांच्याकडे नाही, पण नववीत आहे म्हणून लिहिते. एप्रिल-मे मध्ये सोलापूर ४२-४३ ला जातं. सकाळी आठच्या पुढं मैदानावर ठेवणार असाल तर कुठलीच आई पाठवणार नाही. आणि दहावीचं वर्ष. तेव्हा मुलगी खेळ सोडते ती सोडतेच. प्रशिक्षकानं त्या वर्षी आठवड्यातून दोनदाच बोलावलं, पण नाव पटावरून काढलं नाही, तर परत येते. हे माझ्या मोठीच्या बाबतीत एका प्रशिक्षकांनी केलं, म्हणून ती आज खेळतेय.

राइटविंग_सोलापूर

ताई, उन्हाळ्यात सहा ते साडेसात, त्यानंतर मी स्वतःच मैदानावर उभी राहू शकत नाही. दहावीचं लिहिलंत ते माझ्या डोक्यात नव्हतं. पट तसाच ठेवेन.

सगळ्यांचं वाचून माझं ठरलंय ते असं. शाळा सोडत नाही. येत्या सुट्टीत हँडबॉलचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. सोबत एम.पी.एड.ची तयारी. वर्ल्ड लॅक्रोस या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर सिक्सेसचे नियम मोफत आहेत, ते मराठीत माझ्यापुरते उतरवते आहे, कुणाला हवे असतील तर सांगा. संघटनेशी जोडणं क्रीडा कार्यालयात विचारल्यावरच. एक अडचण मात्र उरते. गोलपोस्ट नाही. हँडबॉलचा तीन बाय दोन मीटरचा आहे, त्यावर कीपर शिकवली तर तिला चुकीच्या मापाची सवय लागेल.

वेल्डिंगवाला_एमआयडीसी

अक्कलकोट रोडला आपलं फॅब्रिकेशन हाय. माप सांगा.

राइटविंग_सोलापूर

दादा, आतून आतून सहा फूट रुंद, सहा फूट उंच, चौकोनी. दीड ते दोन इंची गोल पाइप. वरून बघितलं की तळाचा त्रिकोण दिसायला हवा, मागचं टोक गोलरेषेच्या मध्यापासून सात फूट मागे. तळाची पट्टी चपटी ठेवा, चेंडू आत येताना आपटून परत उडायला नको. रंग नारिंगी.

वेल्डिंगवाला_एमआयडीसी

सोपं हाय. दोन करतो, एकावर कुणी खेळत नाही. पाइपाचे पैसे द्या, मजुरी नको, माझी भाची हाय सहावीत. जाळीचं काय? आपल्याकडं व्हॉलीबॉलची मिळते.

राइटविंग_सोलापूर

व्हॉलीबॉलची नको, तिच्या भोकातून चेंडू निघून जाईल. दीड इंचापेक्षा मोठं भोक चालत नाही. भाचीला पाठवा, सकाळी सहाला, बूट नसले तरी चालतील पण पाण्याची बाटली हवी.

गड्डा_यात्री

जाळी मी बघतो. टिकेकरवाडीकडं एक ओळखीचे हायत, क्रिकेटच्या नेट विणून देतात. दीड इंच ना? उद्या फोन करतो आणि इथंच भाव टाकतो.